एका आफ्रिकी लिपीची नाशकातली दुरुस्ती

तमाम नागरिक, भाषाप्रेमी, लिपीप्रेमी आणि गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांना राहणारे सर्व सुज्ञ जन यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पश्चिम आफ्रिकेतली एक संपूर्ण लिपी आमच्या नाशकात, माझ्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून दुरुस्त करण्यात आली. ज्यांची लिपी होती त्यांनी तक्रार केलेली नव्हती. लिपी बिघडलेलीही नव्हती. पण आमच्याकडे दुरुस्ती करणारे तयार बसले होते, आणि अशी माणसं रिकामी ठेवली की ती घरी जाऊन बायकोचे डबे लावतात.

दुकान माझं, म्हणून साक्षीदार मी.

मी अक्षरजुळणी करते. पूर्वी याला कंपोझिंग म्हणायचे, आता डीटीपी म्हणतात, आणि माझी सासू अजून 'ते टाइपिंगचं' म्हणते. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या पोरींच्या लग्नपत्रिका, द्राक्षाच्या पेट्यांवरची लेबलं, कॉलनीतल्या मंगल परिणयाच्या पत्रिका, क्लासवाल्यांच्या नोट्स, पतसंस्थांचे अहवाल, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. अक्षर चुकलं तर लोक हसतात आणि सोडून देतात. क्रम चुकला की कोणी सोडत नाही. धाकटे मामा थोरल्या मामांच्या आधी छापले गेले म्हणून पत्रिकांचा अख्खा गठ्ठा माझ्या काउंटरवर आदळून गेलेले लोक मी पाहिलेत. कोण आधी, कोण नंतर, यासाठी माणसं किती थराला जातात हे बघायचं असेल तर लग्नसराईत माझ्याकडे चहाला या.

तर अशा या दुकानात ती आली. लायबेरियाहून शिकायला आलेली, इथल्या एका फार्मसी कॉलेजात, मागच्या कॉलनीत मैत्रिणींबरोबर भाड्याने राहणारी. तिशीची असेल. आधी ती प्रोजेक्टचं स्पायरल बाइंडिंग करायला यायची. आम्ही हिंदी आणि इंग्रजीची भेळ करून बोलायचो आणि ती मला ताई म्हणायची, कारण तिची घरमालकीण मला ताई म्हणते. भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात ती माझ्यापेक्षा चिवट होती, म्हणून मला ती पहिल्यापासून आवडली.

एक दिवस तिने फोन माझ्यापुढे धरला. हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो होते.

"ताई, हे छापता येईल?"

मी चष्मा वर केला, खाली केला. ठिपके, वळसे, आडव्या रेघा, मधेच माशाच्या काट्यासारखं काहीतरी.

"हे काय आहे गं? नक्षी?"

"आमची भाषा. वाई."

साताऱ्याकडच्या वाईशी याचा काडीमात्र संबंध नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे एका गृहस्थांनी तो जोडला. ही वाई म्हणजे लायबेरियातल्या लोकांची भाषा आणि त्यांची स्वतःची लिपी. दीडेकशे वर्षांहून जुनी. त्यांच्यातल्या एका माणसाला ती स्वप्नात दिसली, असं ते सांगतात. आपल्यासारखं व्यंजन वेगळं आणि काना-मात्रा वेगळी, असं तिथे नाही. 'का'ला एक चिन्ह, 'कि'ला भलतंच, आणि दोघांचा तोंडावळा एकमेकांशी जुळत नाही. अशी दोनशेच्या वर चिन्हं.

ती पानं तिच्या वडिलांची होती. ते गावात मास्तर होते. निवृत्त झाल्यावर पडवीत बसून मोठ्या माणसांना ही लिपी शिकवत, आणि शिकवता शिकवता शब्द गोळा करत गेले. जुने शब्द, भांड्यांचे, झाडांचे, मासे धरायच्या जाळ्यांचे. त्याचा शब्दकोश व्हावा ही त्यांची हौस. आणि आता त्यांना काचबिंदू झाला होता. कडेचं दिसणं गेलं होतं, मधोमध थोडं उरलं होतं. दिवसाउजेडी, ठळक आणि मोठं अक्षर असेल तर वाचता यायचं. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

"मी परीक्षा झाली की घरी जाणार," ती म्हणाली. "तेव्हा पुस्तक बॅगेत पाहिजे. आणि ताई, त्यांना स्वतःला शोधता आलं पाहिजे. कोणी वाचून दाखवायचं नाही. ते स्वतः पान उघडतील आणि शब्द काढतील."

मी हो म्हणून टाकलं. हो म्हणायला मला फार वेळ लागत नाही, मग रात्री झोपताना घाम फुटतो.

तिने मजकूर टाइप करून पाठवला तेव्हा माझ्या स्क्रीनवर नुसत्या चौकटी उमटल्या. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकटी, टाइल्सच्या दुकानात शिरल्यासारखं. मी कपाळाला हात लावला. ती हसली. मग तिनेच सांगितलं की जगभरातल्या संगणकांचं एक सामायिक कोष्टक असतं, त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला आपला आपला क्रमांक दिलेला असतो, आणि वाई त्यात कधीच जाऊन बसलेली आहे. माझ्या मशीनला क्रमांक कळत होते, फक्त त्या क्रमांकांचे चेहरे माहीत नव्हते. फॉन्ट घातला आणि चौकटींच्या जागी ठिपके, वळसे आणि माशाचे काटे उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून विचारलं, "ताई, टेंडर लागलं काय?"

तिने तेवढंच पान वडिलांच्या फोनवर पाठवलं. थोड्या वेळात त्यांचा फोन. पलीकडून एक माणूस हसत होता, बोलत होता, परत हसत होता. ती म्हणाली, "बाबा म्हणतायत, माझ्या फोनला वाई येते हे मला कोणी सांगितलंच नाही."

आता या ठिकाणी मंडळाचा प्रवेश होतो. पडदा वर.

मंडळ म्हणजे आमच्याकडचं लिपी-अभ्यास मंडळ. त्याचं कार्यालय माझं दुकान, हे मला सोडून सगळ्यांना मान्य आहे. अध्यक्ष म्हणजे सर, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. सर बोलतात तेव्हा समोर फळा असल्यासारखे बोलतात. चिटणीस म्हणजे काका, निवृत्त बँक अधिकारी. दर रविवारी पांडवलेणीवर चढून शिलालेख मोठ्याने वाचतात, आणि सेल्फी काढायला आलेली जोडपी त्यांच्यापासून लांब सरकतात. तिसरे सभासद शेठ, कागदाचे व्यापारी. शेठ शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत होतात. हे तिघं संध्याकाळी येतात, चहा माझा पितात आणि जगातल्या सर्व लिपींवर निकाल देतात.

सरांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय. ते मीच टाइप केलं, त्यांच्या हट्टापायी त्यांच्या लाडक्या जुन्या फॉन्टमध्ये. या जुन्या फॉन्टांत मराठी दिसायला मराठी असते, पण आत इंग्रजी अक्षरंच दडलेली असतात. परिणामी सरांनी ती फाइल अमेरिकेतल्या मुलाला पाठवली तेव्हा मुलाने कळवलं, "बाबा, व्हायरस आलाय वाटतं, सगळं इंग्रजी कचऱ्यासारखं दिसतंय." सरांचं अख्खं बालपण, त्यांचा विवाह, त्यांची पदोन्नती, सगळं प्रश्नचिन्हं आणि कंसांच्या रूपात सातासमुद्रापार पोचलं. त्यावर सर म्हणाले, "मुलाचा संगणक मराठीद्वेष्टा आहे."

तर हे सर माझ्या स्क्रीनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हं. आता यांना जरा शिस्त लावू."

तिने आदराने सगळं समजावलं. लिपी स्वप्नात दिसली, हेही सांगितलं. सरांनी ओठ मुडपले.

"स्वप्नात? हे काय शास्त्र झालं?"

"आणि आपल्या वर्णांचं शास्त्र कुठून आलं, सर?" मी विचारलं.

"महेश्वराच्या डमरूतून. चौदा सूत्रं. ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तो डमरू होता, बाई."

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. शेठही डोलावणार होते, पण तेवढ्यात चहा आला.

खरी गंमत क्रमाची. संगणकाला सांगितलं की हे शब्द लाव, तर तो त्या जागतिक कोष्टकाप्रमाणे लावायचा, आणि त्या कोष्टकात आधी सगळे एकारान्त, मग सगळे इकारान्त, मग आकारान्त. म्हणजे आपला बाराखडीचा तक्ता घ्या आणि आडवा न वाचता उभा वाचा: के, पे, ते, मे, असं खालपर्यंत, आणि मग पुढचा रकाना. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चक्कर आली. पण तिच्या वडिलांच्या पडवीतल्या वर्गातही तक्ता असाच उभा म्हणायचे. टाइप करताना एखादं चिन्ह सापडलं नाही की ती तो रकाना गुणगुणायची, आणि अख्खा रकाना एकाच सुरावर संपायचा, कारण प्रत्येक अक्षराच्या शेवटी तोच स्वर. एकदा ऐकलं की डोक्यात बसतं. मी भाजी निवडताना म्हणायला लागले, आणि सासूने विचारलं की ही कुठल्या देवीची आरती.

तिचे वडील शब्द शोधायचे ते त्या गाण्यावरून. नजर अधू असली तरी अमुक अक्षर कुठल्या रकान्यात, त्या रकान्यात आधी का नंतर, हे त्यांच्या बोटांना माहीत. म्हणजे पान बरोबर उघडेल, आणि उरलेली नजर फक्त त्या एका शब्दावर खर्च होईल. ही एवढी साधी गोष्ट ती सरांना तीनदा सांगून दमली.

सरांनी तक्ता पाहिला आणि त्यांना घामच फुटला. "अहो, हे उलटं आहे! तक्ता उभा वाचलाय! कुठल्यातरी गोऱ्या माणसाने कागद आडवा धरायच्या ऐवजी उभा धरला असणार!"

"सर, त्यांचा क्रम आहे तो," मी म्हटलं.

"क्रम असा नसतो. क्रम एकच. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. संपूर्ण जगात याहून शास्त्रशुद्ध काही नाही. तो यांना मिळाला नाही, हे त्यांचं दुर्दैव. आज मिळेल."

आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. तीन सज्जनांनी चहाचे कप बाजूला ठेवून लायबेरियाचे शब्द बाराखडीत बसवले. क, का, कि, की. सरांनी सांगायचं, काकांनी टिपून घ्यायचं, शेठनी 'वा' म्हणायचं, आणि मी ते मशीनवर फिरवायचं. मधेच काका थबकले.

"सर, यांच्यात ख नाही."

"नाही?"

"ख नाही, घ नाही, छ नाही, झ नाही. ठ, ढ, काही नाही. महाप्राणच नाहीत."

सर विचारात पडले. शेठही विचारात पडले, कारण सर पडले होते. मग काकांनी तोडगा काढला. "मथळा ठेवू. खाली जागा मोकळी सोडू. उद्या त्यांना ख लागला तर?"

"उत्तम!" सर म्हणाले.

म्हणून त्या पुस्तकात 'ख' असा ठळक मथळा आणि खाली कोरं पान. मग 'घ' आणि कोरं पान. 'ङ'ला तर सरांनी एक संपूर्ण पान दिलं, केवळ आदरापोटी. मथळे देवनागरीत, मराठी वाचकांच्या सोयीसाठी. पुस्तक लायबेरियातल्या म्हाताऱ्यांसाठी होतं, पण सोय मराठी वाचकांची. मी म्हटलं, "सर, लायबेरियात मराठी वाचक किती?" सर म्हणाले, "आज नसतील."

शेवटचा घोटाळा 'ग्ब'चा. वाईमध्ये ग आणि ब एकाच दमात, ओठांच्या एकाच झटक्यात उच्चारतात. त्यांच्यासाठी तो एक आवाज, आणि त्याने सुरू होणारे शब्द पोत्याने. तसंच 'क्प'. आमच्या मंडळाने कान देऊन ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सरांनी निकाल दिला: "हे जोडाक्षर. जोडाक्षरं शेवटी. क्ष, ज्ञ आणि मग हे."

"पण बाबांच्या वर्गात हे रोज लागणारे शब्द आहेत," ती म्हणाली. "ते शोधतील तर इथे शोधतील." तिने स्क्रीनवर पहिल्या क्रमातली जागा दाखवली.

"वडिलांना सांग," सर अत्यंत प्रेमाने म्हणाले, "इथून पुढे तिथे शोधायचं."

मला वाटलं आता ही उठेल आणि या तिघांना कॉलनीच्या भाजीवाल्यासारखं फैलावर घेईल. पण ती बाहेर जाऊन वडिलांशी बोलली आणि परत आली तेव्हा चेहरा पडलेला. वडील म्हणाले होते, परक्या गावातले वडीलधारे आपल्या लिपीसाठी बसलेत, त्यांना नाही म्हणू नकोस. चांगल्या माणसांचा हा असा त्रास असतो. आणि कागद शेठच्या गोदामातून यायचा होता, पुस्तकावर मंडळाचं नाव लागायचं होतं, त्यामुळे सरांचं म्हणणं होतं की मंडळाचं नाव तर क्रमही मंडळाचा. शेठ म्हणाले, "बरोबर आहे." तिला दुसरा कागद नव्हता आणि जायचा दिवस जवळ आला होता.

"ताई, मग बाबा कसे शोधतील?" जाताना तिने मला विचारलं. मला जे बोलायचं होतं ते सरांच्या वयाला शोभणारं नव्हतं.

ठरलं असं: आधी प्रकाशनापुरत्या थोड्या प्रती काढायच्या, समारंभ करायचा, वडिलांना व्हिडिओवर दाखवायचं, आणि मग त्याच क्रमाने पुढची छपाई. पहिल्या क्रमाची फाइल मी बाजूला ठेवली. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

समारंभाआधी सरांनी जिल्ह्याच्या पेपरवाल्याला बोलावून सांगितलं की ही लिपी मूळची कदाचित कृष्णाकाठच्या वाईची असावी, आणि दर्यावर्दी मराठे ती तिकडे घेऊन गेले असावेत. पेपरवाल्याने विचारलं, पुरावा? सर म्हणाले, "नाव." छापूनही आलं. तिने ते घरमालकिणीकडून वाचून घेतलं आणि दुकानात येऊन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तेवढाच तिचा त्या आठवड्यातला आनंद.

समारंभ एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. समई, शाल, श्रीफळ, स्टेजवर मंडळ, पहिल्या रांगेत मंडळाच्या बायका. हॉल बऱ्यापैकी भरला होता, कारण नंतर ढोकळा होता. पडद्यावर व्हिडिओ लावला होता. तिचे वडील पडवीत बसलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, फोनच्या अगदी जवळ तोंड आणलेलं. पडद्यावर आम्हाला त्यांचं कपाळ आणि एक डोळाच दिसत होता. मागे कोंबड्या. त्यांना आमचा हॉल काय दिसत होता देव जाणे, पण ऐकू नीट येत होतं. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, आपल्यासारखे हात जोडून. लेकीने शिकवलं असणार.

सर उभे राहिले. त्यांनी आधी जगातल्या सर्व लिपींची कीव केली. मग वर्णमालेची थोरवी सांगितली. मग आफ्रिकेला आज नाशकाने काय दिलं ते सांगितलं. पहिल्या रांगेतल्या काकू माझ्या कानात म्हणाल्या, "सर घरी पण असंच बोलतात का हो?" मी म्हटलं, "घरी सरांची बायको बोलते."

सरांचा सूर चढत गेला, आवाज चढत गेला, आणि त्या भरात त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "हा क्रम इतका शास्त्रशुद्ध आहे की माणूस डोळे मिटूनसुद्धा शब्द काढेल! बाबांनी कुठलाही शब्द सांगावा. मी या क्षणी काढून दाखवतो!"

तिने पडद्याकडे पाहून भाषांतर केलं. वडिलांना मजा वाटली. त्यांनी थोडा विचार केला आणि एक शब्द म्हटला. मला तो लिहून दाखवता येत नाही, पण त्यांच्या घरात रोज लागणाऱ्या एका भांड्याचा शब्द. सुरुवात 'ग्ब'ने.

सरांनी स्मित केलं, शाल सावरली आणि पुस्तक उघडलं. 'ग'. बोट खाली सरकलं. नव्हता. 'ग' परत वरून. नव्हता. पान उलटलं तर 'घ' आणि कोरं पान. उलटलं तर 'ङ' आणि कोरं पान. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं.

"मग 'ब' असणार," सर स्वतःशीच म्हणाले, आणि माइकने ते सगळ्यांना ऐकवलं. 'ब'मध्ये शोधलं. 'भ' आणि कोरं पान. मागच्या रांगेतून एक हसू फुटलं.

काका खुर्चीतून पुढे झुकले. "सर, ते जोडाक्षर..."

"थांबा हो तुम्ही!"

शेठनी 'थांबा' म्हणून काकांनाच थोपवलं.

सर आता पानं फडफडवत होते. कोरं पान, मथळा, कोरं पान. चष्मा खाली आला होता. आणि पडद्यावर तो एक डोळा फोनच्या आणखी जवळ आला. वडिलांनी लेकीला काहीतरी विचारलं, हळू आवाजात. सर म्हणाले, "काय म्हणतायत?"

"विचारतायत," ती म्हणाली, "की तो शब्द पुस्तकात घेतलाच नाही का? त्यांनी तर लिहिला होता."

हॉलमध्ये आता तिकडच्या कोंबड्यासुद्धा ऐकू येत होत्या. तिने पडद्याकडे वळून वडिलांना सांगितलं की आहे, बाबा, आहे. पण ते मान हलवत राहिले, कारण आवाजावरून त्यांना कळत होतं की इकडे एक शिकलेला माणूस पानं उलटतोय आणि शब्द सापडत नाहीये.

त्यानंतर छपाईला कुठली फाइल गेली हे मला कोणी विचारलं नाही. मी पहिल्या क्रमाची पाठवली. शेठनी कागद दिला, काकांनी मान खाली घालून माझ्याकडून मुद्रितं तपासायला नेली, आणि तिच्या बॅगेत गेली ती उभ्या रकान्यांची, मोठ्या काळ्या अक्षरांची, एकही कोरं पान नसलेली पुस्तकं. तिच्या वडिलांनी पडवीत बसून त्यातला तोच भांड्याचा शब्द स्वतः काढला, त्याचा व्हिडिओ तिने मला पाठवला. बोट गाण्यावरून चाललं, थांबलं, आणि मग ते वाकून बघत राहिले. माझ्या सासूलाही दाखवला. या सगळ्यात मंडळाचा एक शब्दही विरोध झाला नाही, होणं शक्यच नव्हतं, कारण त्या संध्याकाळी भरल्या हॉलसमोर, सुरू असलेल्या माइकवर, स्वतःच्या देखरेखीखाली लावलेलं पुस्तक टेबलावर आपटून सर ओरडले होते:

"अहो, हा क्रम लावलाय तरी कुठल्या शहाण्यानं?"